दोन रेघांची बादली

मी एक जुनी बादली आहे. पाणी भरायची नव्हे, कपडे भिजवायची तर मुळीच नव्हे. मी बिअर करायची बादली आहे. तीस लिटरची, पांढऱ्या जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. झाकणाला मधोमध भोक आहे. ते पाहून कुणी हळहळू नका, ते मुद्दाम पाडलेले आहे. माझ्या अंगावर बाहेरून दोन काळ्या रेघा आहेत, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. आणि आतून, तळाशी, ओरखडे आहेत. रेघांचा मला अभिमान आहे आणि ओरखड्यांची लाज वाटते. मित्रांनो, दोन्हींची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

तुमच्यात जे लहान असतील त्यांना आधीच बजावते. बिअर हे मोठ्यांचे पेय आहे, तुम्ही गोष्ट तेवढी घ्या. मीसुद्धा आयुष्यभर ती पोटात सांभाळली, पण चव कधी घेतली नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गरम साचा, गार पाण्याचा फवारा आणि एकीत एक बसवलेल्या माझ्या शेकडो बहिणी, एवढेच मला आठवते. पुढे मला एका खोक्यात घातले. माझ्या पोटात एक जड डबा, यीस्टची पुडी, लांब दांड्याचा चमचा, एक वाकडी नळी, काचेची कांडी आणि सूचनांचा कागद ठेवला. खोक्यावर छापले होते, ‘घरच्या घरी स्टाऊट’. शेजारी या काळ्याभोर बिअरच्या पेल्याचे चित्र होते, वर सायीसारखा फेस. ते पाहून मलाच माझ्याविषयी मोठ्या आशा वाटू लागल्या.

बोटीने मला न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्कली कोव्ह या गावी आणले. या गावाला रस्ता नाही. आठवड्यातून दोनदा फेरीबोट येते. तीच पीठ आणते, पत्रे आणते आणि माणसे घेऊन जाते. त्या वर्षी सरकारने कॉड माशाची मासेमारी बंद केली होती. ज्या धक्क्यावर एरवी पाय ठेवायला जागा नसायची, तिथे पुरुष खिशात हात घालून समुद्राकडे बघत उभे असायचे. हेडली आणि सेल्बी हे भाऊ त्यांच्यातलेच. हेडली थोरला, हाताने नेटका आणि तोंडाने फटकळ. सेल्बी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, हसरा, जरा धांदरट. त्यांची आई गेली तेव्हा सेल्बी चौदा वर्षांचा होता. हेडलीची बायको डल्सी हिनेच त्याला पुढे वाढवले.

खोके सेल्बीने मागवले होते. त्याने मला डल्सीच्या स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवले तेव्हा हेडली म्हणाला, “समुद्रात मासे राहिले नाहीत, म्हणून आता बादलीत गळ टाकणार का रे लेका?”

“टाकून तर बघू दादा. काही ना काही लागेलच गळाला.”

कागदात लिहिले होते की पाणी तेवीस लिटरपर्यंत भरावे. माझ्यावर मात्र कसलीच खूण नव्हती. तेव्हा दोघांनी डल्सीचा लिटरचा जग घेतला आणि एकेक जग मोजून माझ्यात ओतायला सुरुवात केली. एवढ्यात शेजारची मर्टल खिडकीतून डोकावली आणि हेडली तिच्याशी बोलू लागला.

“अठरा झाले,” तो परत वळून म्हणाला.

“सतरा. तू मर्टलशी गप्पा मारताना एक दोनदा मोजलास.”

“मी बोलत होतो तोंडानं. मोजत होतो हातानं.”

“हातानं कुणी मोजतं का, दादा?”

पाणी ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून मोजता आले असते. पण तसे केले तर कुणीतरी एक चुकला असे ठरले असते, आणि ते दोघांनाही नको होते. हेडलीने आपल्या हिशेबाच्या तेविसाव्या लिटरला माझ्यावर काळी रेघ ओढली. सेल्बीने आणखी एक जग ओतला आणि बोटभर वर आपली रेघ ओढली. अशा मला दोन रेघा मिळाल्या. डल्सी म्हणाली, “झालं का आखून? आता कुंपणही घाला मधे.”

त्यानंतर दर ऑक्टोबरात स्टाऊटची तयारी सुरू झाली की तोच प्रश्न निघायचा. “पाणी कुठल्या रेघेपर्यंत?” सेल्बी म्हणायचा की हेडलीच्या रेघेने बिअर फार जड होते, दोन पेल्यांत माणूस खुर्चीला चिकटतो. हेडली म्हणायचा की सेल्बीच्या रेघेने केली तर ती स्टाऊट नव्हे, भांडी विसळलेले पाणी होईल. शेवटी रेघ थोरल्याची चालायची. सेल्बीच्या रेघेपर्यंत मी कधी भरलेच नाही.

तो दिवस मला फार आवडे. डबा गरम पाण्यात ठेवून त्यातला माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचा, पाक पातळ करायचे. तो काकवीसारखा काळा आणि चिकट असतो. तो माझ्या तळाशी पडला की घरभर भाजलेल्या धान्याचा वास सुटे. मग साखर, किटलीतले उकळते पाणी आणि सेल्बीचे ढवळणे. वरून ओढ्याचे गार पाणी. सगळे कोमट झाले की हेडली यीस्ट भुरभुरवायचा, झाकण लावायचा आणि भोकात वाकडी नळी बसवून तिच्यात घोटभर पाणी घालायचा. मला चुलीमागच्या उबेत ठेवत. दुसऱ्या दिवशी पोटात हालचाल सुरू होई, फेस चढे आणि नळीतून आवाज येई, गुळुक. थोड्या वेळाने परत, गुळुक. मित्रांनो, मला बोलता येते ते एवढेच.

हेडली माझ्याजवळ खुर्ची ओढून बसे. मासेमारी बंद झाल्यापासून घरात त्याला काही सुचत नसे. पण माझ्याजवळ बसला की त्याचा चेहरा निवळायचा. “काम चालू आहे कुणाचं तरी,” असे तो म्हणे. आठ-दहा दिवसांनी तो काचेची कांडी माझ्यात तरंगत सोडायचा. दोन दिवस ती एकाच आकड्यावर राहिली की समजायचे, झाले. मग बाटल्या भरायच्या, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घालायची आणि टोपणे ठोकायची. नंतर थांबायचे. थांबणे हेच यात सगळ्यात अवघड काम आहे.

बाटल्या उघडायच्या त्या टिब्ज ईव्हला. म्हणजे तेवीस डिसेंबरला. नाताळच्या आधीचे दिवस पथ्याचे असतात, पण कुणाला तरी धीर धरवेना, म्हणून हा एक सण निघाला म्हणतात. त्या दिवशी जो तो घरोघर जाऊन वर्षाचा पहिला पेला घेतो. स्कली कोव्हमध्ये हा पहिला पेला हेडलीकडे, असे हळूहळू ठरूनच गेले. स्वयंपाकघरात माणसे मावत नसत. डल्सी काळा फळांचा केक कापायची, सेल्बी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. काळी, दाट, किंचित कडू स्टाऊट पेल्यात उतरली की मर्टलसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. “दुकानातली झक मारते हिच्यापुढे,” असे लोक म्हणत. हेडली नुसता मान हलवायचा. पण दुसऱ्या दिवशी मला धुताना तो शीळ घाले. मऊ फडक्याने, कोमट पाण्याने, आतून बोटाचे नखसुद्धा लागू न देता धुई. अशी पंधरा वर्षे गेली. त्यात सेल्बीची बायको वारली, मुलगी दूर मुख्य भूमीवर, ऑन्टॅरिओला गेली आणि शेजारच्या घरात तो एकटा राहू लागला. जेवायला मात्र डल्सीकडेच असे.

आता ती चूक सांगायला हवी.

आमच्याकडे प्रत्येक घरात पांढऱ्या बादल्या असतात. त्यांच्यातून खारवलेले मांस येते. मांस संपले की त्या बादल्या कुणी टाकत नाही. बेरी वेचायच्या त्यांच्यात, खिळे ठेवायचे त्यांच्यात, छप्पर गळले की खाली ठेवायच्याही त्याच. गावात त्यांना केवढा मान! लांबून पाहिले तर त्यांच्यात आणि माझ्यात काही फरक दिसत नाही. हे मला अजूनही झोंबते.

त्या ऑक्टोबरात हेडली दोन दिवसांसाठी मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीला आत रानात गेला होता. रविवारी सकाळी पाद्रीसाहेब न्याहारीला यायचे होते. त्यांना खारा मासा आणि भिजवलेला कडक पाव फार आवडायचा. खारा मासा आदल्या दिवसापासून पाण्यात ठेवावा लागतो. शनिवारी डल्सीने मागच्या पडवीत, अंधारात हाताला लागेल ती पांढरी बादली ओढली, मासा टाकला आणि पाणी ओतले. ती बादली मी होते.

सकाळी मासा काढताना तिला माझ्या रेघा दिसल्या. “अगं बाई गं!” एवढेच ती बोलली. मासा पातेल्यात टाकला, मला अंगणात नेले आणि तारेचा बोळा घेऊन आतून घासायला लागली. मित्रांनो, मी प्लास्टिकची आहे. तार फिरली की माझ्यावर ओरखडे उठतात. ते केसाएवढे बारीक असतात, पण त्यांत जंतू दडून बसतात आणि मग कितीही धुतले तरी निघत नाहीत. बिअर नासायला एवढे पुरते. ओरडावे म्हटले, तर पोटात बिअर नव्हती. गुळुकसुद्धा करता येईना.

न्याहारीला आलेल्या सेल्बीने ते पाहिले. “वहिनी, तारेनं नको! थांब, थांब!”

“वास जायला नको का? तुझ्या भावाला कळलं तर वर्षभर ऐकवेल मला. मेल्यावर थडग्यावरही लिहून ठेवेल.”

“मग कळायचंच कशाला? दे इकडे.” त्याने मला ओढ्यावर नेऊन तीनदा विसळले, वास घेऊन पाहिला आणि परत आणून जागेवर ठेवले. “मी काही पाहिलं नाही आणि तू काही केलं नाहीस. पाद्रीसाहेबांना वाढ आता.” दोघे तोंडावर हात ठेवून हसत होते. तेव्हा त्या हसण्यात मलाही काही वावगे वाटले नाही.

हेडली मूस घेऊन परतला. आठवड्याने आमची नेहमीची तयारी झाली. बाटल्या भरतानाही कुणाला काही कळले नाही, कारण जंतूंचा आंबटपणा बाटलीत हळूहळू वाढत गेला. टिब्ज ईव्हला स्वयंपाकघर भरले. हेडलीने पहिली बाटली उघडली आणि फेस फुसफुसत टेबलभर सांडला. दुसरी उघडली, तीही तशीच. लोकांनी पेले तोंडाला लावले आणि तोंडे आंबट करून एकमेकांकडे पाहिले.

मर्टलला गप्प राहवेना. “हेडली, ही स्टाऊट की नासक्या माशाचं पाणी रे? यात कॉड पोहतोय की काय? सरकारला कळव, मासे सापडले म्हणावं!”

सगळे हसले. हेडली हसला नाही. तो बाहेर गेला, कोठीतून मला घेऊन आला आणि त्याने दिव्याखाली धरून आत पाहिले.

“ही कुणी घासली?”

डल्सी केकची सुरी हातात घेऊन उभी होती. तिने मान खाली घालून आधीच कापलेला तुकडा पुन्हा कापला. ते सेल्बीला दिसले असावे.

“मी,” सेल्बी म्हणाला. “खारा मासा भिजवला होता तिच्यात. घाईत होतो दादा. चुकलं.”

त्याला वाटले होते, दादा दोन शिव्या घालील, लोक हसतील आणि संपेल. मलाही तसेच वाटले. पण हेडलीची पंधरा वर्षांची इभ्रत त्या टेबलावर सांडली होती. तो म्हणाला, “तुझ्या हाती दिलेलं काही धड राहिलंय का आजवर? बाबांची बोट दिली होती तुझ्याकडे. एक जादा दोर बांधायचा होता, तोसुद्धा झाला नाही तुझ्यानं. खडकावर फुटली बोट. आता हे.”

ती बोट वीस वर्षांपूर्वी वादळात गेली होती. तेव्हापासून घरात कुणी तिचे नाव काढले नव्हते. सेल्बीने पेला खाली ठेवला, अ‍ॅकॉर्डियन उचलले, टोपी घातली आणि तो गेला.

चार वर्षे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

मला कोठीमागे फेकून दिले होते. माझ्यावर बर्फ साचला, वितळला, पुन्हा साचला. दोन घरांच्या मधली पायवाट गवताने बुजली. सेल्बी दुकानात जायला टेकडीवरून वळसा घालून जायचा. डल्सी मर्टलच्या हाती त्याला पाव पाठवायची आणि तो ताटली धुऊन परत पाठवायचा. धुणे वाळत घालायला ती कोठीमागे आली की माझ्यापाशी थांबे. “आज सांगते हं,” असे मला म्हणे. दुसऱ्या दिवशी म्हणे, “काल बरं नव्हतं त्याला. उद्या सांगते.” तिला हेडलीच्या रागाची भीती होती असे मी आधी समजत होते. नंतर कळले, भीती वेगळीच होती. एक दिवस गप्प राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणे जड झाले. वर्षभर गप्प राहिली, तेव्हा मासा राहिला बाजूला आणि ते गप्प राहणेच मोठा गुन्हा होऊन बसले. सगळे मला ठाऊक होते आणि मी रिकामी पडून होते. याहून मोठे दुःख बादलीला नसावे.

चौथ्या वर्षी ऑक्टोबरात मर्टलने बातमी आणली. सेल्बी घर बंद करून मुलीकडे, ऑन्टॅरिओला कायमचा चालला. सत्तावीस डिसेंबरच्या बोटीने.

“जाऊ दे,” हेडली म्हणाला. तो वर्तमानपत्र वाचत होता. ते त्याने उलटे धरले नव्हते, पण अर्धा तास पानही उलटले नाही.

दुसऱ्या दिवशी डल्सीने मला आत नेले. यावेळी मऊ फडके घेतले. सोड्याच्या पाण्यात, मग जंतुनाशकाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात, असे तिने मला तीन दिवस भिजवून ठेवले. हेडली दारात उभा राहून बघत होता.

“हे काय चाललंय?”

“स्टाऊट करतेय.”

“तुला काय येतं त्यातलं?”

“वाचता येतं. कागद आहे ना.”

“ओरखड्यांची बादली आहे ती. पुन्हा नासेल.”

“नासली तर मी पिईन.”

तो निघून गेला. डल्सीने पाक ओतला, साखर घातली, किटली रिकामी केली. गार पाणी ओतताना ती हेडलीच्या रेघेपाशी थांबली. माझ्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग एक जग आणखी ओतला. आयुष्यात पहिल्यांदा मी सेल्बीच्या रेघेपर्यंत भरले.

त्या दिवसांत मी किती घाबरले होते ते कुणाला सांगू? ओरखडे तर तिथेच होते. अशी बादली दर वेळी दगा देतेच असे नाही, पण तिचा भरवसाही धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी गुळुक केले तेव्हा डल्सीने हातातले पीठ तसेच ठेवून टाळी वाजवली.

टिब्ज ईव्हला तिने बाटली उघडली. स्टाऊट नासली नव्हती. हेडलीने एक घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि बायकोकडे पाहिले. “पातळ झालीय. कुठल्या रेघेपर्यंत भरलीस?”

“मला दिसली त्या.”

त्याने पेला मात्र रिकामा केला. त्या दिवशी दारावर कितीतरी थापा पडल्या, पण सेल्बी आला नाही.

सव्वीस तारखेपासून आमच्याकडे सोंगे निघतात. माणसे उशीचे अभ्रे नाहीतर जाळीचे पडदे तोंडावर बांधतात, बायका पुरुषांचे कपडे घालतात, पुरुष बायकांचे, आणि घरोघर जातात. ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. घरच्यांनी सोंग ओळखून नाव घ्यायचे. नाव बरोबर आले की पडदा काढायचा, मग पेला मिळतो. तीनदा चुकले तर सोंगाने तोंड न दाखवता निघून जायचे, आणि घरच्यांची वर्षभर थट्टा होते.

त्या संध्याकाळी मी चुलीपासून दूर, दाराजवळ होते. डल्सीने माझ्यात बर्फ भरून बाटल्या रोवून ठेवल्या होत्या. दार वाजले. “सोंगांना येऊ देता का?” आत ओढलेल्या आवाजात कुणीतरी विचारले. तीन सोंगे आत आली. पहिले मासेमाराच्या लांब कोटात होते, पण हसू आवरेना, म्हणून मर्टल लगेच ओळखू आली. दुसरा तिचा नवरा. तिसऱ्याने फुलाफुलांचा झगा घातला होता, पाठीला उशीचे कुबड, हातात ओव्हनचे जाड मोजे आणि तोंडावर जाळीचा पडदा.

“हा तुमच्यातलाच का?” हेडलीने विचारले.

“नाही बाई, हा दारात भेटला,” मर्टल म्हणाली.

ते सोंग माझ्याजवळून जाताना थबकले. त्याने वाकून मोजा घातलेला हात माझ्या अंगावरून फिरवला, नेमका रेघांवरून. आधी खालच्या, मग वरच्या. मी ओळखले. डल्सीने ओळखले. आणि हेडलीचा चेहरा मी पाहत होते, त्यानेही ओळखले.

“सांग, कोण ते,” डल्सी म्हणाली.

“पोस्टातला क्लॅरेन्स.”

सोंगाने मान हलवली. नाही.

“क्लॅरेन्स याच्या निम्म्या उंचीचा आहे!” मर्टल म्हणाली. नवऱ्याने तिला कोपर मारले.

“पाद्रीसाहेब.”

नाही.

“हेडली,” डल्सी हळूच म्हणाली, “नाव घे ना.”

“मला काय ठाऊक कोण आहे ते?” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “दुकानदार असेल.”

तीन झाली. सोंगाने झगा सावरला. मग वळले आणि दाराच्या कडीला हात घातला. मित्रांनो, सकाळची बोट आठ वाजता होती.

“मी घासली होती ती बादली,” डल्सी म्हणाली.

कडीवरचा हात थांबला.

“पाद्रीसाहेब येणार होते. अंधारात मी खारा मासा भिजवला तिच्यात. तारेनं मीच घासली. सेल्बी ‘नको नको’ म्हणत होता. त्यानं माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी तोंड शिवून बसले. चार वर्षं. तू जे काय बोलायचंस ते मला बोल आता.”

हेडली खुर्चीतून उठला. “चार वर्षं रोज माझ्यासमोर बसून जेवलीस, डल्सी.”

“हो.”

“आणि तू?” तो दाराकडे वळला. “तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? म्हणायचं होतंस की दुसऱ्या दिवशी तरी! मी बोटीचं बोललो, तरी उभा राहून ऐकून घेतलंस!”

सोंग श्वास आत ओढत म्हणाले, “अजून नाव घेतलेलं नाहीस. तुझ्याशी कसं बोलू?”

हेडली माझ्यापाशी आला. वाकून बर्फातून एक बाटली काढली. टोपण उडवले. पेला भरून त्याने पुढे केला.

“सेल्बी,” तो म्हणाला. “घे.”

पडदा निघाला. सेल्बी म्हातारा झाला होता. तो झग्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, “बोट माझ्याच हातून गेली होती, दादा. ते खरंच होतं.”

“खरं होतं, म्हणूनच बोलायचं नव्हतं.”

सेल्बीने घोट घेतला आणि थांबला. पुन्हा एक घेतला. “ही माझ्या रेघेची आहे!”

“म्हणून तर पातळ आहे,” हेडली म्हणाला. मग तो खाली बसला आणि टेबलावर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. डल्सी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

तुम्हाला वाटेल, सेल्बी गेला नसेल. तो गेला. घर बंद झाले होते, मुलगी वाट पाहत होती, आणि चार वर्षे एका संध्याकाळीत भरून निघत नाहीत. सकाळी धक्क्यावर हेडली मला घेऊन आला. माझ्यात जाड कपड्यांत गुंडाळलेल्या बारा बाटल्या होत्या. “बादली तुझीच होती,” तो म्हणाला. “खोकं तू मागवलं होतंस.” बोट सुटेपर्यंत दोघे भाऊ बोलत होते, पण वाऱ्यात मला काही ऐकू आले नाही.

आता मी सेल्बीच्या मुलीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, धुण्याच्या यंत्राशेजारी राहते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातल्या बादल्यांना, पातेल्यांना, कुठल्याच वस्तूला घाबरून खरवडू नका. डाग ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा. तेव्हा तो मऊ फडक्यानेही जातो. वाळू दिला की जोर लावावा लागतो, आणि मग डाग जातो पण ओरखडा राहतो. हातून काही चुकले तर त्याच दिवशी सांगून टाका. कुणी तुमच्यासाठी दोष अंगावर घेतला, तर त्याला फार काळ उभे ठेवू नका.

दर ऑक्टोबरात सेल्बी मला काढतो, पाक ओततो, साखर घालतो आणि जग हातात घेऊन स्कली कोव्हला फोन लावतो.

“दादा, पाणी कुठल्या रेघेपर्यंत?”

“दर वर्षी काय विचारतोस? माझ्या!” हेडली पलीकडून ओरडतो.

“बरं, तुझ्या,” सेल्बी म्हणतो, आणि गुपचूप एक जग आणखी ओततो. मला बोलता येत नाही, हे बरेच आहे.